सगळ्यांनी एकाच दिवशी सीएल (किरकोळ रजा) टाकली तर तो संप धरतात का?

दुसरी_पाळी:

नमस्कार मंडळी. अंधेरी एमआयडीसीतल्या एका कंपनीत मशीन ऑपरेटर आहे, नोकरीचं अकरावं वर्ष. कायम कामगार १४०, कंत्राटी साठेक. युनियन रजिस्टर्ड आहे आणि मी गेल्याच वर्षी कमिटीवर निवडून आलो. म्हणजे अनुभव शून्य आणि शिव्या पूर्ण.

तीन वर्षांचा करार ३० सप्टेंबरला संपला. मागणीपत्र आम्ही ऑगस्टमध्येच दिलं होतं. त्यानंतर पाच मीटिंगा झाल्या. पाचही वेळा चहा, बिस्किटं आणि 'हेड ऑफिसला विचारून कळवतो'. आता जानेवारी उजाडला. लोक वैतागलेत, आणि वैताग काढायला मॅनेजमेंट सापडत नाही म्हणून आमच्यावर काढतात.

मग पोरांनी एक शक्कल काढली. संप हा शब्दच काढायचा नाही. पुढच्या सोमवारी सगळ्यांनी सीएलचा फॉर्म भरायचा. रजा आपल्या हक्काची, वर्षाला सात मिळतात, त्यातली एक वापरली तर कोण काय वाकडं करणार? व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी फिरतेय, काल रात्रीपर्यंत ९६ नावं झाली. यादी मीच करतोय, कारण बाकी कुणाला एक्सेल येत नाही.

आज सकाळी पंचिंग मशीनच्या वर एचआरने नोटीस चिकटवली. सामूहिक रजा हा बेकायदेशीर संप समजला जाईल, आठ दिवसांचा पगार कापला जाईल, शिवाय शिस्तभंगाची कारवाई. बायकोने फोटो बघितला आणि म्हणाली, आधी तुझं नाव काढ त्या यादीतून.

रजा म्हणजे संप कसा काय? एक दिवस घरी बसलो तर आठ दिवस कापायचे हा कुठला हिशेब? आणि मुळात संप करणं हा घटनेने दिलेला हक्क आहे ना? कुणी जाणकार असेल तर सोमवारच्या आत सांगा.

वांद्रे_कोर्ट:

थोडक्यात लिहितो, उद्या तारीख आहे.

घटनेच्या १९व्या अनुच्छेदात संघटना करण्याचा हक्क आहे, संप करण्याचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६१ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यातच सांगितलं. २००३ मध्ये तामिळनाडू सरकारने संपावर गेलेले कर्मचारी लाखाच्या संख्येने घरी बसवले, तेव्हा त्याच न्यायालयाने आणखी पुढे जाऊन म्हटलं की सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा ना मूलभूत हक्क आहे, ना कायद्याचा, ना नैतिक. त्या निकालावर टीका भरपूर झाली, आजही होते. पण तुम्ही सरकारी कर्मचारी नाही. तुम्हाला संप करता येतो. कायद्याने दिलेला आणि कायद्यानेच बांधलेला हक्क आहे तो.

सामूहिक रजेबद्दल एचआर बरोबर बोलतंय. औद्योगिक संबंध संहिता, २०२०, संपाची व्याख्या वाचा. ठरवून एका दिवशी ५० टक्के किंवा अधिक कामगारांनी किरकोळ रजा घेतली तर तो संपच. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे.

जुना_सेक्रेटरी:

दुसरी पाळी, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. पहिल्यांदा ती यादी ग्रुपवरून काढ. मग पुढचं वाच.

काढलीस? बरं.

वकीलसाहेबांनी कलम सांगितलं, मी हिशेब सांगतो. १४०चे निम्मे ७०. तुझ्या यादीत ९६. म्हणजे सोमवारी सकाळी तुम्ही रजेवर नसाल, संपावर असाल, आणि तोही बिननोटिशीच्या. आता कुणीतरी हुशार पोरगा म्हणेल, कंत्राटी साठ धरले तर एकूण २००, निम्मे १००, मग ९६ कसे सापडतील? म्हणू दे. तो वाद कोर्टात दोन-तीन वर्षं चालेल आणि तेवढा काळ तू चार्जशीट उशाला घेऊन झोपशील.

ही शक्कल आमच्या वेळीही होती. तेव्हाही मालक त्याला संपच म्हणायचा, पण ते सिद्ध करताना त्याला घाम फुटायचा. कुणाची आई आजारी, कुणाचं गावाला लग्न, कुणाला जुलाब. आता व्याख्येतच घालून टाकलंय, त्यामुळे मालकाचा तो घाम वाचला.

शिक्षेचंही ऐक. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात बेकायदा संपावर गेलेल्या कामगाराला दंड होता ५० रुपये. छपाईची चूक नाही, पन्नासच. किंवा महिनाभर कैद, किंवा दोन्ही. आता कैद तेवढीच, दंड हजारापासून दहा हजारांपर्यंत. आणि दुसऱ्यांना चिथावणाऱ्याला दहा हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. एक्सेलची यादी कोण करत होतं म्हणालास?

आता मुद्द्याचं. नव्या संहितेने संपावर बंदी घातली असं आमच्यातले बरेच जण भाषणात सांगतात. बंदी नाही घातलेली. तारखांनी बांधून टाकलाय. नोटीस दिल्याशिवाय संप नाही. नोटीस दिल्यावर १४ दिवस थांबायचं. दिलेली नोटीस ६० दिवसांत वापरली नाही तर शिळी. नोटीस पोचली की मालकाने पाच दिवसांत सरकारला कळवायचं. कामगार खात्याचा समेट अधिकारी दोघांना बोलावतो, आणि त्याची पहिली बैठक झाली की समेटाची कार्यवाही सुरू झाली असं धरतात. ती संपेपर्यंत संप नाही, संपल्यावर आणखी सात दिवस नाही. समेट फसला की कुणीही एक बाजू थेट ट्रायब्युनलकडे, म्हणजे औद्योगिक न्यायाधिकरणाकडे, जाऊ शकते. पूर्वी सरकारने वाद पाठवावा लागायचा, आता मालक स्वतःच अर्ज टाकतो. टाकला की ट्रायब्युनलचं काम चालू असेपर्यंत आणि वर ६० दिवस पुन्हा संप बंद.

म्हणजे बघ, तुला मिळतात ते मधले थोडेसे दिवस. मालकाचा वकील जागा असेल तर तेही नाहीत. मला या संहितेचा राग येतो तो इथे. १४ दिवसांची नोटीस ही महाराष्ट्रातल्या कामगाराला नवी गोष्ट नव्हे. १९७१च्या आपल्या राज्याच्या कायद्यात ती खाजगी कारखान्यांनाही होती, आणि मान्यताप्राप्त युनियन असेल तर नोटिशीच्या आधी सभासदांचं मतदान घेऊन बहुमत दाखवावं लागायचं. त्याचं मला कधी ओझं वाटलं नाही. लोकांना न विचारता संपावर नेणारा पुढारी मीही पाहिलाय आणि त्याच्या मागे गेलेल्यांची घरंही पाहिलीत. पण मालकाच्या एका अर्जाने संपाचं दार लागतं, हे काही मला पटत नाही.

दुसरं, आणि हे तुझ्या कमिटीने नक्की विसरलंय असं मला वाटतं. करार ३० सप्टेंबरला संपला म्हणतोस. मुदत संपली म्हणून करार आपोआप मरत नाही. तो संपवायचा आहे अशी लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती दिल्यापासून ६० दिवस तो दोघांवर बंधनकारक राहतो. करार चालू असताना त्यातल्याच विषयावर संप केला की बेकायदा. ती नोटीस दिली होती का? फाइल काढून बघ. तोंडी सांगू नकोस, कागद बघ.

एवढा तारखांचा धोशा का लावतोय ते सांगतो.

१९९३ साल. भांडुपला एलबीएस रोडवर आमची इंजिनीअरिंग कंपनी होती, आता तिथे टॉवर उभे आहेत. मी सेक्रेटरी. करार दीड वर्ष लटकलेला. मतदान घेतलं, मोजणी गेटसमोर सगळ्यांदेखत केली, त्यात कुणाला खोट काढता आली नाही. नोटीस टाईप करून घेतली, २ तारखेला संध्याकाळी साडेपाचला मी आणि खजिनदार पर्सोनेलच्या बारनिशीत, म्हणजे आवक-जावक विभागात, गेलो. क्लार्क निघायच्या तयारीत. डबा पिशवीत, छत्री हातात. त्याने कागद घेतला, आमच्या प्रतीवर शिक्का मारला, बारीक सही केली. मी प्रत घडी करून वरच्या खिशात ठेवली. पेन आणि चष्मा त्याच खिशात, म्हणून घडी जरा घट्टच केली.

२ तारखेला नोटीस, मग ३ पासून १६ पर्यंत चौदा दिवस, १७ला पहिल्या पाळीपासून काम बंद. बोटांवर दहादा मोजलं होतं. १७ला सकाळी सातला एक माणूस आत गेला नाही. मला वाटलं, जिंकलो.

कोर्टात त्यांच्या वकिलाने आवक रजिस्टर पुढे ठेवलं. आमची नोटीस ३ तारखेला नोंदलेली. आमच्या प्रतीवर बघितलं तर शिक्काही ३ तारखेचाच. तो क्लार्क रोज निघताना तारखेचा शिक्का दुसऱ्या दिवसासाठी फिरवून ठेवायचा. रबरी पट्ट्यांचे शिक्के असतात ना, अंगठ्याने फिरवायचे, तसला. त्याने आधीच फिरवला होता आणि तसाच आमच्या कागदावर मारला. ३ धरली तर चौदावा दिवस १७. आम्ही एक दिवस आधी बाहेर पडलो होतो.

तेराशे माणसं, अकरा दिवस, आणि एका अंगठ्याच्या फिरकीने सगळं बेकायदा.

त्या १९७१च्या कायद्यात एक बरी सोय होती. कोर्टाने संप बेकायदा ठरवल्यापासून ४८ तासांत मागे घेतला तर तो बेकायदा धरत नाहीत. रात्री आठला गेट मीटिंग घेतली. मी बोलायला उभा राहिलो आणि पाचेक मिनिटं शब्द फुटेना. दुसऱ्या दिवशी सगळे आत. नोकऱ्या वाचल्या. करार मात्र आणखी चौदा महिने लांबला आणि मागितलं होतं त्याच्या निम्मंही पदरात पडलं नाही.

तो क्लार्क मला २००६ की ०७ साली मुलुंड स्टेशनच्या पुलावर भेटला. रिटायर झालेला, हातात दुधीभोपळा. त्यानेच हाक मारली, खाली नेऊन चहा पाजला, मुलीच्या लग्नाचं सांगितलं. मुद्दाम मारलास का रे तो शिक्का, हे ओठापर्यंत आलं होतं. विचारलं नाही.

बसथांबा:

सगळं वाचलं. कामगारांची बाजू ठीक आहे, पण आमची कोण लिहिणार? जानेवारी २०१९, बेस्टचा संप, ८ ते १६, नऊ दिवस. मी तेव्हा आईला डायलिसिसला घेऊन जायचो, आठवड्यातून तीनदा, आणि रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी त्या नऊ दिवसांत आमचं महिन्याचं बजेट खाल्लं. संपाच्या नोटिशीत आमची संमती कुणी विचारली होती का? असल्या सेवांत संपच नको, हे माझं स्पष्ट मत.

जुना_सेक्रेटरी:

बसथांबा, आईचं वाचून वाईट वाटलं. तुमच्या रागाला मी उत्तर देणार नाही, तो खराच आहे. माहिती तेवढी देतो. अशा सेवांसाठी आपल्याकडे मेस्मा, म्हणजे महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, आहे. सरकारने सेवा अत्यावश्यक ठरवून संपाला मनाई केली की संपावर जाणं थेट गुन्हा. २०१९ला बेस्टवर तो लावलाच होता. पोलिसांना तर साधी युनियनही करता येत नाही, १९६६चा केंद्राचा कायदा आहे. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्य कर्मचारी संपावर गेले, तेव्हाही विधिमंडळात मेस्माचं विधेयक झटक्यात मंजूर झालं. संप सात दिवसांत मिटला.

पण एक लक्षात घ्या. मेस्मा लावूनही २०१९ला नऊ दिवस बस निघाली नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, निवृत्त न्यायमूर्ती मध्यस्थ नेमले, तेव्हा सुटलं. एसटीचा २०२१-२२चा संप तर पाच महिन्यांवर गेला, निलंबनं झाली, बडतर्फ्या झाल्या, आणि शेवटी २२ एप्रिलपर्यंत हजर व्हा असं न्यायालयाने सांगितल्यावर लोक डेपोत परतले. मनाईने संप बेकायदा होतो, बस सुरू होत नाही.

लालबागची_लेक:

जुने सेक्रेटरी काका, तुमचा शिक्का वाचून आमच्या घरातला एक शब्द आठवला, 'बीआयआर'. मी सहा वर्षांची होते आणि मला वाटायचं की हे कुणा माणसाचं नाव आहे, कारण बाबा आणि चाळीतले काका लोक त्याला रोज शिव्या द्यायचे.

तो होता १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. गिरणीधंद्यात त्या कायद्याने प्रतिनिधी म्हणून एकच युनियन मानलेली, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. बोलणी करायची ती तिनेच. बाबांसारखे बहुतेक लोक डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे गेलेले, पण कायद्याच्या लेखी डॉक्टर कुणीच नव्हते. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांच्या मागण्यांत पगारवाढीच्या जोडीला हा कायदा रद्द करा हेही होतं. सरकारच्या आणि मालकांच्या दृष्टीने संप पहिल्यापासून बेकायदा. आणि मागे कधी घेतलाच नाही कुणी. तारखेने सुरू झाला, संपल्याची तारीख नाही. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय विचारायचे तेव्हा आई 'गिरणी कामगार, सध्या संपावर' असं लिहायची. मी सातवीत गेले तरी तेच लिहीत होती.

बाबा त्या पावसाळ्यात आम्हाला घेऊन राजापूरला गेले. वाण्याची उधारी भागवायला आईच्या पाटल्या गेल्या, त्यातली एक नंतर सोडवली, एक राहिली.

आजोबा मात्र वेगळं सांगायचे. ७ नोव्हेंबर १९३८ला मुंबईत एक दिवसाचा संप झाला, तो पगारासाठी नव्हता. संपावर बंधनं घालणाऱ्या विधेयकाविरुद्धच तो संप होता. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले होते, आणि बाबासाहेबांनी विधिमंडळातही त्या विधेयकाला कडाडून विरोध केला. आजोबा तेव्हा बदली कामगार, वय सतरा. कामगार मैदानावर मुंगी शिरायला जागा नव्हती म्हणायचे. त्यांची चप्पल तिथे हरवली ती हरवलीच. कायदा झालाच, पण चपलेची गोष्ट ते मरेपर्यंत अभिमानाने सांगायचे.

दुसरी पाळी, मी काही सल्ला द्यायच्या लायकीची नाही. तुमच्या मिसेसचं ऐका एवढंच.

काउंटर_नंबर_तीन:

आठ दिवसांच्या पगाराचं कुणीच नीट सांगितलं नाही म्हणून लिहिते. बँकेत छत्तीस वर्षं काढली, त्यातली वीस युनियनमध्ये, त्यामुळे पगार कापण्याचे सगळे प्रकार अंगावर घेतलेत.

ही तरतूद नवी नाही. १९३६च्या वेतन प्रदान कायद्यात होती, आता वेतन संहितेत आहे. दहा किंवा जास्त माणसं ठरवून, नोटीस न देता आणि रास्त कारण नसताना गैरहजर राहिली तर आठ दिवसांपर्यंतचं वेतन कापता येतं. पण त्यातली मेख बघा. नोकरीच्या अटींतच अशी नोटीस द्यायची असं लिहिलेलं असलं पाहिजे, आणि नोटिशीच्या बदल्यात किती द्यायचं तेही. म्हणून नेमणूकपत्र आणि स्टँडिंग ऑर्डर (कंपनीचे नोकरीचे नियम) काढा. त्यात काहीच नसेल तर एचआरची नोटीस नुसती गुरगुर आहे. आठ ही कमाल मर्यादा आहे, दरही नव्हे आणि सक्तीही नव्हे.

न केलेल्या दिवसाचा पगार मात्र गेला असं समजूनच चाला. १९७७च्या डिसेंबरात बँक ऑफ इंडियात चार तासांचा संप झाला होता. बँकेने पूर्ण दिवसाचा पगार कापला. मुंबई उच्च न्यायालयात कर्मचारी जिंकले, पण १९९०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेचा कापण्याचा अधिकार मान्य केला. चार तास काम केलं तरी दिवस वाया गेला असेल तर पूर्ण दिवस कापता येतो, परिस्थिती बघून. आमच्याकडे त्या केसला नुसतं 'केलावाला' म्हणायचे, जसं काही रोगाचं नाव. पुढे १९९४मध्ये घटनापीठाने सांगितलं की संपाच्या दिवसांचा पगार हवा असेल तर संप कायदेशीरही हवा आणि न्याय्यही. नुसता कायदेशीर पुरत नाही, नुसता न्याय्यही पुरत नाही.

पण घाबरूही नका. बेकायदा संपात नुसता भाग घेतला म्हणून सरसकट नोकरीवरून काढता येत नाही. शांतपणे घरी बसलेला आणि दगड मारणारा यांत फरक करा, हे न्यायालयांनी १९६०पासून सांगितलंय. चौकशी करावी लागते, प्रत्येकाची वेगळी.

आणि बायकोचं नाव काढलंच आहे तर, कामगाराच्या घरी संपाचं खरं मतदान स्वयंपाकघरात होतं. आमच्यात तर मीच संपावर असायची आणि हे घरी विचारायचे, किती दिवस चालणार?

दुसरी_पाळी:

सगळ्यांचे आभार. यादी काढली, ग्रुपवर शिव्याही खाल्ल्या. एकाने 'मॅनेजर झालास का' विचारलं. सोमवारी सगळे कामावर आहेत.

जुने सेक्रेटरी काका, तुम्ही म्हणालात म्हणून फाइल काढली. ऑगस्टचं मागणीपत्र बावीस पानी आहे. पहिल्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात आधीच्या सेक्रेटरींनी एकच ओळ घातलीय: 'सदर करार संपुष्टात आणण्याचा आमचा इरादा या पत्राद्वारे कळवीत आहोत.' तारीख १८ ऑगस्ट, पोच आहे. ते आता गावी असतात, नांदगावला. फोन करून सांगितलं तर म्हणाले, 'ती ओळ प्रत्येक मागणीपत्रात घालायची असते रे, तुला कुणी शिकवलं नाही का?' नाही शिकवलं.

आता कमिटीचं ठरतंय की मतदान घेऊन रीतसर नोटीस द्यायची. तोपर्यंत लोकांना गप्प कसं बसवू? पोरं म्हणतात, निदान काम हळू करू.

जुना_सेक्रेटरी:

काम हळू अजिबात नको. गो-स्लो हा संपापेक्षा वाईट धरतात. सरळ गैरवर्तन, कामावर येऊन पगार घेऊन फसवलं असं म्हणतात, आणि तुमच्या मशीनचा आकडा त्यांच्या कॉम्प्युटरवर तासातासाला दिसतो. काळ्या फिती लावा. कँटीनच्या जेवणावर बहिष्कार टाका, घरून डबे आणा, एकत्र बसून खा. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण दीडशे माणसांचं जेवण वाया गेलं की तिसऱ्या दिवशी फोन येतो. आमच्याकडे कंत्राटदारच मॅनेजरकडे रडत गेला होता. सुटीच्या वेळी गेटबाहेर सभा घ्या, रस्ता अडवू नका.

आणि नोटिशीची वाट न बघता समेटासाठी कामगार आयुक्तांकडे अर्ज टाका. बीकेसीत कामगार भवन आहे. मालक बोलत नाही हे कागदावर येऊ दे. पुढे संप न्याय्य होता की नाही हा प्रश्न आला तर तोच कागद बोलेल. काउंटर नंबर तीन ताईंनी सांगितलं तेच.

नोटीस देताना प्रत खिशात घालायच्या आधी उघड्या डोळ्यांनी बघ. बाकी तू शहाणा आहेस.

दुसरी_पाळी:

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी. डब्यांचा बहिष्कार चार दिवस चालला. पाचव्या दिवशी सहावी मीटिंग लागली. बिस्किटं बदलली, बाकी तेच. मग मतदान घेतलं. १४०पैकी १३१ जणांनी मत दिलं, संपाच्या बाजूने ११८.

काल दुपारी तीनला नोटीस घेऊन गेलो, मुद्दाम तीनला. एचआरवाले म्हणाले मेल करा, आता कागद घेत नाही. मी म्हटलं मेलही करतो, कागदही घ्या. शेवटी रिसेप्शनच्या मॅडमनी खणातून शिक्का काढला, पॅडवर दोनदा ठोकला आणि मारला. काका, मी तिथेच उभा राहून वाचला. दिवस बरोबर, महिना बरोबर, साल २०२५. नवं वर्ष लागून महिना उलटला तरी कुणी पट्टी फिरवली नव्हती. गेल्या वर्षीची नोटीस झाली असती माझी, ६० दिवस कधीच उलटून गेलेली.

मॅडम हसल्या, पेनाने पाचाचा सहा केला.

जुना_सेक्रेटरी:

खाडाखोडीवर त्यांची सही घेतलीस का?

दुसरी_पाळी:

घेतली. तारखेसकट. वेळही लिहायला लावली, ३ वाजून १० मिनिटं.